शेठच्या विहिरीतला नळ

बा, आज शेठच्या घरावरून आले आणि माझा हात आपोआप गालावर गेला. जन्मात तू मला एकच थापड मारलीस, आणि तीही त्या घरापायी. म्हणून लिहायला बसले.

छप्पन्न साली आपण बौद्ध झालो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शेठच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागली. तू पालिकेच्या आगीच्या बंबावर कामाला होतास. बंबाच्या टाकीतलं पाणी संपलं. जवळची विहीर शेठच्या अंगणात, आणि तिच्या काठाला आपल्या माणसानं शिवायचं नाही हे गावाला पाठ. तू कोणाला विचारत बसला नाहीस. पाणी ओढायचा जाड नळ विहिरीत सोडलास आणि जिनिंग वाचवलंस. दुसऱ्या दिवशी शेठची माणसं बंबखान्यात आली. कापसाच्या गाठींना बांधायच्या लोखंडी पट्ट्यांनी त्यांनी तुला झोडपलं. माय डबा घेऊन पोचते तो तू फरशीवर पडलेला, आणि एकजण तुझ्या उजव्या हातावर बूट रोवून उभा. नळ सोडणारा हात त्यांनी बरोबर ओळखून मोडला. बाकीचे बंबवाले भिंतीला चिकटून बघत होते. माय त्यांना काय काय बोलली ते मी लिहीत नाही.

युनियन निघाली ती त्या मोडक्या हातापासून. भिंतीला चिकटलेली तीच माणसं खाली मान घालून एकेक आपल्या ओसरीवर आली. आपल्या घरचं पाणी न पिणारा बंबाचा ड्रायव्हर सगळ्यात आधी आला आणि मायच्या हातचा चहा पिऊन गेला. मागणी एकच ठरली. आग लागली की बंबाचा नळ कोणाच्याही विहिरीत जाईल, आणि सोडणाऱ्याच्या अंगाला कोणी हात लावणार नाही. पालिकेनं हे लेखी देईस्तोवर बंब जागचा हलणार नव्हता.

संप चालू असतानाच भर दुपारी शेठचं घर पेटलं. त्याचा मुनीम धापा टाकत आपल्या ओसरीवर आला, शेठची म्हातारी आई आत अडकली म्हणाला. ड्रायव्हर तुझ्या तोंडाकडे पाहून राहिला. "आज गेलो तं संप मेला समजा, भाऊ."

मी दारातूनच बोलले, "जळू दे ना, बा. त्याहीनं तुया हात मोडला."

तू डाव्या हातानं मला थापड मारलीस. मग ड्रायव्हरला म्हणालास, "चाल. म्हातारीनं नाही मारलं मले."

विहिरीपाशी तो बूटवालाच काठी घेऊन उभा होता. "पहिले इझवू दे, मंग मार," एवढंच तू म्हणालास आणि प्लास्टरचा हात छातीशी धरून नळ सोडलास. तो बाजूला झाला. घर वाचलं. म्हातारी केस जळालेली, पण जिवंत निघाली. दुसऱ्या दिवशी शेठनं गोमूत्र शिंपडून विहीर शुद्ध करून घेतली. आणि संप मोडला म्हणून आपल्याच एका बंबवाल्यानं दगड भिरकावून तुझं कपाळ फोडलं. त्यालाही तू पुढच्या सभेला बोलावलंस. मग किती वर्षं तू एसटीनं दिग्रस, उमरखेड करत माणसं जोडत फिरलास. पालिकेचं ते लेखी हातात पडलं तोवर मी सासरी गेले होते.

तू आता नाहीस, पाठवू कुठे, म्हणून हा कागद जाळून टाकणार होते, पण तू घरात कधी कागद जाळू दिला नाहीस. घडी करून ठेवते. एवढं तुला सांगते, बा. ती थापड मी विसरले नाही, तिचा अर्थही मला कळतो, आणि तरी आज त्या घरासमोर उभी राहिले तेव्हा ते जळायला हवं होतं असंच वाटलं.