नकाशातला आपला तालुका

दादा,
तुझ्या मधल्या बहिणीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवणं वेळेवर होतात. आईचा गुडघा काय म्हणतो?

ऑफिसात मी सध्या नकाशा रंगवते. ज्या भागात मधुमेह असलेली लहान मुलं जास्त, तिथे गडद रंग. इथलं शहर लालभडक झालंय आणि आपला तालुका पांढराशुभ्र. साहेब म्हणाले, "तुमच्याकडची पोरं अगदी ठणठणीत दिसतात!" मीही हसून मान डोलावली.

दादा, आपल्याकडे तपासतंय कोण? आपली धाकटी, छकुली आठव. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची, तरी तोंड कोरडंच. फ्रॉक अंगावर लोंबायला लागले होते. अंगात ताकद यावी म्हणून आई तिला रोज साखरपाणी पाजायची, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. तिच्या बोटातून रक्ताचा एक थेंबही कुणी काढून पाहिला नाही. म्हणून या नकाशात ती कुठेच नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. काय लिहिलंय म्हणून तिने विचारलंच, तर सांग, पोरीने तुझ्या हातच्या साखरपाण्याची आठवण काढलीय.

तुझी,
मधली