आमच्या बंगल्याची कोंबड्यांची शेड

कुरुळी, मंगळवार

चि. दिग्विजयास सोपानमामाचा आशीर्वाद, आणि सोबत थोडा रागही.

तुझ्या आईचे गुडघे आता बरे असतील. माझी तब्येत ठीक, पण डोकं फिरलंय. मोबाइलातल्या त्या नकाशात कुणीही उठून कुणाच्याही घरावर वाटेल ते लिहितं, याला काही धरबंध हाय का न्हाई? तू स्वतः त्यात रस्ते भरतोस, म्हणून तुलाच विचारतो. आमच्या घरावर लिहिलंय, 'कोंबड्यांची शेड'!

शेड होती, मी कुठं नाकारतोय? पण कोंबड्या जाऊन जमाना झाला. पुढे भिंती घालून आमी राहतो, मागच्या खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्याने, पत्र्याखाली तुझ्या मामीची खानावळ, आणि अंडी ठेवायच्या खोलीत आपली योगिनी दार लावून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. (दोनदा थोडक्यात हुकली. मी म्हटलं, पुरे झालं पोरी, आता लग्न.) एवढ्या गोतावळ्यात नकाशाला कोंबडीच दिसावी?

रविवारी आकुर्डीचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. मी ऐटीत सांगितलेलं, बंगला आहे, नकाशा लावून या. आले, आणि दारातूनच फोन, की आम्ही पोल्ट्रीपाशी उभे आहोत, तुमचा बंगला कुठाय? मी सदरा चढवून बाहेर येईतो मंडळी शेजारच्या आबाजीकडे शिरलीसुद्धा. (त्याच्या भंगाराच्या गोदामावर नकाशात 'घर' लिहिलंय, बोल!) आबाजीनेही, चुकलात हो, म्हणून तोंड उघडलं न्हाई. पोहे चारले, मुलगी पुढे केली, आणि विजयश्री त्यांना पसंत पडली. वर सुपारी फोडायला मलाच बोलावणं. गावभर हसं झालं रे माझं.

तेव्हा हे लिहिणाऱ्या दिवट्याचं नाव शोधून कळव. तंगडं मोडतो त्याचं.

तुझा,
सोपानमामा

ता. क. नाव शोधू नकोस. योगिनीनेच लिहिलंय. मी ओरडलो, तर शांतपणे म्हणाली, "बाबा, इमारत कशासाठी बांधली ते एका रकान्यात लिहायचं, आज तिथे काय चालतं ते दुसऱ्यात. पहिला मी खरा भरलाय. दुसरा तुमच्यासाठी रिकामा ठेवलाय." तुझी मामी पदराआड हसत होती.

ता. क. २. त्या दुसऱ्या रकान्यात कसं लिहितात ते मला शिकव, तिला कळू न देता. 'अभ्यासिका' लिहायचंय. खानावळ वगैरे मागाहून बघू. वरची कोंबड्यांची शेड मात्र तशीच राहू दे, परीक्षा होईपर्यंत पाहुण्यांना तीच बरी.