येळवशीचं ताट

तीर्थरूप आईस,
दयानंदचा पाया पडून नमस्कार. मी मजेत आहे. जेवण वेळेवर आहे, तू दिलेला स्वेटर अंगात आहे.

येळवशीला आलो नाही म्हणून आप्पा रुसलेत, हे धाकट्या तनुजानं रेणापूरहून कळवलं. सुट्टी का मिळाली नाही, ते फोनवर सांगायला जीभ रेटेना. 'वेळा अमावस्या: मातीतला सण, रानातलं जेवण' असा बोर्ड लावून आमच्या रिसॉर्टनं यंदा आपली येळवसच विकायला काढली. हिरवळीवर कडब्याची कोप मी बांधली, भज्जी अन् आंबील मीच केलं. पुण्याच्या पाहुण्यांनी कोपीत फोटो काढले अन् जेवायला आत एसीत गेले. भुईला आधी निवद दाखवायचा, हे कुणाच्या ध्यानातच न्हाई. मी गुपचूप दाखवला.

तेवढ्यात फाटकाबाहेरून एक म्हातारा मेंढपाळ चालला होता. आपल्या सवयीनं मी हाक मारली, "ओ मामा, या जेवायला, येळवस हाय!"

ते आले की आत! मॅनेजर म्हणाला, "यांचं तिकीट?" मी माझ्या वाटचं ताट वाढलं अन् मामांना कोपीत बसवलं, आप्पा वाटसरूला बसवतात तसं. नोकरीची काळजी करू नको, मॅनेजर नुसता बोलला.

यंदा रानात तुम्ही कुणाकुणाला बोलावलंत? आप्पांचा गुडघा बांधापर्यंत चालू देतो का?

पुढचं तेवढं आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव. मामा हात धुताना म्हणाले, "पोट भरलं, बाबा. रान कुणाचं हाय हे?"

मी म्हणून गेलो, "आमच्या आप्पांचं."

तुझा लेक,
दयानंद