काकांची लख्ख नाणी

८ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून माझ्यासारख्या आळशाला पत्र लिहावं लागतंय; हसू नकोस. बातमी अशी, की मला नवा नाद लागलाय. जुनी नाणी घ्यायची आणि शौकिनांना विकायची. बाबांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात ट्रम्पेटना चकाकी आणणं चालूच आहे, पण रविवारी मी व्यापारी! परवा मधे भोक असलेलं एक नाणं घेतलं आणि दुप्पट भावानं विकलं. बाबा म्हणतात, आधी हातातलं काम कर, मग सावकार हो.

काकांनी तिकीट खिडकीवर बसून जमवलेली नाणी तुझ्याकडे डब्यात आहेत ना? ती मला विकायला दे. तुझं कानाचं यंत्र त्यातून नक्की येईल.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा,
खटपट्या

१७ जानेवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

डबा खालच्या शिंपीणबाईंबरोबर पाठवतेय, त्या तिकडे येणारच होत्या. वेगळं नाणं दिसलं की काका स्वतःच्या खिशातलं गल्ल्यात टाकायचे आणि ते घरी आणायचे. मी चिडायचे, की भाजीला पैसे नाहीत आणि यांचं संग्रहालय चाललंय. आता डबा नुसता दिसला तरी रडू येतं, म्हणून तूच विक. नाणी काळी पडलीत. त्यांनी ठेवली तशीच आहेत, मी हात लावलेला नाही.

यंत्र मला हवंच आहे, खोटं कशाला बोलू? लोक बोलतात आणि मी मान डोलावते, नुसता नंदीबैल झालाय माझा.

जेवणाची आबाळ करू नकोस. आईला माझी आठवण सांग.
तुझी,
मावशी

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

डबा पोचला. सध्या नाण्यांचा बाजार पडलेला आहे, थोडं थांबावं लागेल. बाकी ठीक. घाईत आहे.

तुझा,
खटपट्या

११ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

एवढंसं पत्र? बाजार पडला तर पडला, तू तोंड पाडून बसू नकोस. थांबायची मला सवय आहे.

पण एक सांगते, कुणाला बोलू नकोस. शिंपीणबाई परवा जिन्यात काहीतरी सांगत होत्या. मी नेहमीसारखी मान डोलावली, हसले, वर म्हणाले, छान झालं. अरे, त्यांचा भाऊ गेला होता. नंतर त्यांच्या सुनेनं मला कागदावर लिहून दाखवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता जिना उतरण्याआधी मी वाकून बघते, त्या दारात नाहीत ना.

तू मात्र मोठं पत्र लिही.
तुझी,
मावशी

१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बाजार पडलेला नाही. मी खोटं लिहिलं.

डबा उघडला आणि माझे हात शिवशिवले. काळं दिसलं की घासायचं, हेच मी लहानपणापासून शिकलो. दुकानातल्या फिरत्या ब्रशवर एकूण एक नाणं आरशासारखं केलं आणि तोऱ्यात नाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारांनी भिंग लावलं आणि विचारलं, हा पराक्रम कुणाचा? जुन्या नाण्यावरचा काळेपणाच शौकिनांना हवा असतो म्हणे. तो गेला, वर ओरखडे उठले, आता ती मोडीच्या भावानं जातील. नवशिक्यालाही हे पहिल्याच दिवशी सांगतात. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दुकानात गिऱ्हाइकं होती. मला इतकी लाज वाटली, की मी म्हणालो, घरातल्या म्हातारीनं घासली, तिला काय कळतंय. सगळे हसले. मीही हसलो.

तू ऐकू आलं नाही म्हणून हसलीस. मी सगळं ऐकून हसलो.

लोभ मागायला तोंड नाही.
तुझा,
खटपट्या

२४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

पत्र वाचून रडले, मग चिडले, मग भांडी आपटली. ती मला ऐकू आली नाहीत, पण बरं वाटलं. नाणी घासलीस ते मी समजू शकते, घासणं तुमच्या घराच्या हाडातच आहे. मला झोंबलं ते दुसरं. यांच्या हाताची खूण जाऊ नये म्हणून मी त्या डब्यावरची धूळसुद्धा पुसली नाही. आणि मला काय कळतंय?

कागदावर माफी मागायला काय जातं? इथे ये, समोर बस आणि तोंडानं सांग. यंत्र नाही, तेव्हा मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सांगावं लागेल. सगळी इमारत ऐकेल, त्याला माझा इलाज नाही. मलाही शिंपीणबाईंकडे जायचंय, एकटीचं धाडस होत नाही. आपण दोघं जाऊ.

नाणी घेऊन ये. लख्ख कशी दिसतात ते बघू दे.
तुझीच,
मावशी

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आज आधी नाण्यांच्या दुकानात गेलो. आत कुणी नव्हतं, म्हणून बाहेर थांबलो. गिऱ्हाइकं आल्यावर आत जाऊन सांगितलं, की मावशीनं हातही लावला नव्हता, घासली ती मी. या वेळी कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

रविवारी येतोय. दाराची कडी काढून ठेव, वाजवलेलं तुला ऐकू येणार नाही.

खिडक्याही उघड्या ठेव.

तुझा,
खटपट्या