सात जणांची गाडी

शिंजो,
फेब्रुवारी

प्रिय चिनात्सु,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. बाबांचे डोळे होते तसेच आहेत. छपरावरचं बर्फ उतरवायला नगरपालिकेची माणसं येऊन गेली. तू घालून ठेवलेलं मुळ्याचं लोणचं बाबांनीच अर्ध्याहून जास्त संपवलंय आणि वर "जरा खारट झालंय" म्हणून कुरकुरतातही. फोन करता आला असता, हे मलाही कळतं. पण फोनवर मी तोंड उघडते न उघडते तोच तू "हो आई, बरं आई" सुरू करतेस आणि माझं बोलणं घशातच राहतं. कागदाला मध्येच "हो आई" म्हणता येत नाही. तिकडे सेंदाईला तुझ्या आईचा हात कसा आहे? प्लॅस्टर निघेपर्यंत तिला भांड्यांना हात लावू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, आम्ही बायका ऐकत नाही, पण तू ओरडत राहा. आणि कोहारुला सांग, तिने केलेला बर्फाचा ससा अंगणात अजून शाबूत आहे. एक कान तेवढा गळलाय.

लिहायचं आहे ते गाडीबद्दल. मार्चमध्ये सरकारी तपासणी आहे म्हणून गाड्यांच्या दुकानाचा कुमागाई आला, जाकीट काढून गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन नेहमीसारखा आधी रुमालाने हात पुसत बसला. त्याने असे हात पुसले की समजावं, बातमी वाईट आहे. "वहिनी, खालून पार गंजलीय. रस्त्यावर मीठ टाकतात, ते खातं हो पत्र्याला. अजून एक हिवाळा ओढेल, पण मी माझ्या आईला हिच्यात बसवणार नाही." बाबा आतून ओरडले, "तुझ्या आईला कोण बसवतंय? मला सांग, मी बसू का नको!" हे सगळं तू होतीस तेव्हाच झालं, तुला माहीत आहे. पण मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मी मुद्द्यावर यायच्या आधीच पेन खाली ठेवीन.

मग गाडी कुठून घ्यायची यावर घरात जे रामायण झालं, ते आठवलं की अजून हसू येतं. टोकियोहून रिए रोज फोन करून मला शहाणी करत होती. "आई, हल्ली दुकानात कोण जातं? मोबाईलवर रंग निवडायचा, महिन्याच्या महिन्याला पैसे कापले जातात, गाडी दारात येते." मी विचारलं, आणणाऱ्या माणसाला चहा द्यायचा की नाही? तर ही लेक माझ्यावरच चिडली. त्यानंतर आपण चौघं तेंदोच्या हमरस्त्यावरच्या त्या पताकांच्या बाजारात गेलो, जिथे सगळ्या गाड्यांच्या काचांवर भाजीच्या दुकानासारखे आकडे लिहिले होते. तिथला तो गुळगुळीत केसांचा पोरगा बाबांना "आजोबा, या बसा" म्हणाला आणि बाबांनी विचारलं, "तू माझा नातू कधी झालास रे?" तिथेच सगळं संपलं. तू तोंडावर हात धरून हसत होतीस. खूप दिवसांनी.

शेवटी कुमागाईकडेच जाणार हे ठरलेलंच होतं. या घरात आलेली प्रत्येक गाडी त्याच्याच हातून आली आहे. नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन येतो तो दुपारच्या जेवणापर्यंत हलत नाही, तरी. मासाशीने ही चंदेरी गाडी घेतली तो दिवस तुला आठवतो का? तू तेव्हा नवी नवरी होतीस, शेजारी बसली होतीस. गाडी निघाली की कुमागाई रस्त्यात येऊन कमरेतून वाकतो आणि गाडी टोफूवाल्याच्या वळणाआड जाईपर्यंत मान वर करत नाही. आपल्या टवाळ दिवट्याने काय करावं? वळला, मागच्या गल्लीतून फिरून पुन्हा दुकानासमोर आला, बघायला की हा उठला का. बिचारा कुमागाई नुकताच सरळ होत होता. गाडी बघून पुन्हा वाकला. तू मासाशीच्या दंडावर चापट मारलीस आणि काच खाली करून माफी मागत राहिलीस. मी फूटपाथवर उभी राहून बघत होते. मला वाटलं, चला, याला वठणीवर आणणारी कोणी मिळाली.

छपरावरचं बर्फ उतरवताना मासाशी पडला, त्याच्या आधीच्या शरद ऋतूत त्यानेच ते सात जणांच्या गाडीचं चकचकीत पुस्तक घरी आणलं होतं. जेवणाच्या टेबलावर सोयासॉसच्या बाटलीला टेकवून ठेवायचा. "आई, गरम पाण्याच्या कुंडावरून येताना मागच्या रांगेत आडवी हो आणि घोरत ये." मी म्हटलं, पाच माणसांना सात जागा कशाला? एक पोरगी आणि आपण चौघं. तर म्हणाला, "पाच कोण म्हणतं? अजून येतील की." तू लाजून उठून गेलीस. तो गेल्यावर ते पुस्तक मी देवघराच्या खणात ठेवलं. म्हणून तपासणीचं निघालं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं ते हेच, मासाशीला ती मोठी हवी होती. त्यावर तू "हो आई" म्हणालीस. बाबांनी मान हलवली. ठरलं.

आणि मग तो शोरूममधला दिवस. कुमागाई चहा आणायला आत गेला, कोहारु मोठ्या गाडीच्या मागच्या रांगेत चढून विचारत होती, "आजी, इथे कोण बसणार?" मी दुसरीकडे बघितलं, तर तू कोपऱ्यातल्या त्या सायीच्या रंगाच्या छोट्या गाडीत बसली होतीस. एकटीच. तू सीट पुढे ओढलीस. आरसा आपल्याकडे वळवलास. मग दोन्ही हात चाकावर ठेवून नुसती समोर बघत राहिलीस, जसं काही समोर भिंत नव्हतीच. कुमागाई ट्रे घेऊन आला तेव्हा तू अगदी सहज विचारलंस, "ही फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली, साधीही मिळते का हो?"

अगं, शिंजोतलं शेंबडं पोरही हे विचारत नाही! चार महिने आपण बर्फात असतो, साधी गाडी आपल्या गल्लीचा चढ चढणार नाही. कुमागाईने ट्रे टेबलावर ठेवला. "मिळते की," तो म्हणाला, "पण ती तिकडे समुद्राकडे, सेंदाईच्या लोकांना." तुझा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "नाही, आपलं सहजच विचारलं. आम्हाला मोठीच. आईंना मोठीच आवडते." आणि सगळ्यांनी चहा घेतला, रंग ठरला, मुहूर्ताचा दिवस ठरला, एकमेकांना वाकून झालं आणि आपण घरी आलो.

चिनात्सु, मला मोठी आवडत नाही. तिच्यात चढताना मला गुडघा हाताने उचलावा लागतो. मला वाटलं, मासाशीची इच्छा म्हणून ती तुला हवी आहे, आपण मोडता घालू नये. तुला वाटलं, मला हवी आहे. बाबांना वाटलं, या दोघींना हवी आहे तर आपण कशाला बोला. जिला हात लावायची एकालाही इच्छा नाही अशी गाडी आपण सगळ्यांनी एकमेकांचं मन राखत पसंत केली.

तू सेंदाईला आईकडे गेलीस त्या दुपारी मी बाबांना कोंडीत धरलं. डोळ्यांच्या दवाखान्यात तू त्यांना घेऊन जातेस, दोन तास गाडीत दोघं काय गप्प बसता काय? आधी त्यांनी चहाला जास्त फुंकर मारली. मग म्हणाले, "सेंदाईत दातांच्या दवाखान्यात ती आधी कामाला होती ना, तिथून बोलावणं आलंय. ती नाही म्हणाली." का म्हणून विचारलं, तर "तू आहेस म्हणून." मग तुम्ही तिला काय सांगितलंत, असं विचारलं तर हे म्हणतात, "मी म्हटलं, सिग्नल हिरवा झाला." असा माणूस आहे हा! आणि मग, मी न विचारता, कपात बघत म्हणाले, "अजून एक आहे. ती विचारत होती, सीट पुढे घेतली तर आईंना वाईट वाटेल का. विचारून दोन वर्षं होत आली."

मी म्हटलं, मग मला बोलला का नाहीत? "तूच तर रोज सकाळी गाडीची काच पुसायला जातेस आणि सीटवरची ती उशी थापटून नीट ठेवतेस. मला वाटलं, तुलाच तसं हवंय."

मी तशीच उठले आणि मोरीपाशी जाऊन रडले. नळ सोडून, म्हणजे यांना ऐकू जाऊ नये. मासाशीचे पाय लांब, तुझे आखूड. तो गेल्यापासून तू त्याच्या जागेवर सीट तशीच ठेवून, पाठीमागे ती जाड उशी घेऊन, सीटच्या टोकावर बसून गाडी चालवतेस. मला, बाबांना, कोहारुला घेऊन, घसरड्या रस्त्यांवरून. मी मनात म्हणायचे, बिचारीचा त्याची जागा सरकवायला जीव होत नाही, राहू दे. म्हणून मी उशी थापटून ठेवायचे. आणि तू ती थापटलेली उशी बघून म्हणायचीस, आईंचा जीव होत नाही. पोरी, पाठ दुखली असेल तुझी.

परवा मी कुमागाईकडे चालत गेले. वाटेत दोनदा थांबून धीर गोळा केला. त्याला सांगितलं, आमची ऑर्डर रद्द कर, आणि माफी मागायला वाकले, तर तो माझ्यापेक्षा खाली वाकला. म्हणाला, "वहिनी, मी पाठवलीच नव्हती. सूनबाईंनी तो प्रश्न विचारल्यावर कशी पाठवणार? म्हटलं, तुम्ही याल तोवर थांबावं." मी म्हटलं, आणि आले नसते तर? "तर रोज चहा प्यायला आलो असतो." मी म्हटलं, ती छोटी दे, चिनात्सुला, सेंदाईत चालवायला. मग त्याने चष्मा लावून मला समजावलं, की गाडी जिथे राहणार तिथूनच घेतलेली बरी, नंबराच्या पाटीवर गावाचं नावही तिथलंच येतं. सेंदाईत त्याच्याबरोबर उमेदवारी केलेला एक माणूस आहे, त्याच्याशी बोलून ठेवतो म्हणाला. त्यात त्याला काय मिळणार? काही नाही. तरी मला सोडायला बाहेर आला आणि मी वळेपर्यंत रस्त्यात वाकून उभा होता. मी काय गाडी आहे का!

तू विचारशील, आमचं कसं होणार. फोन केला की येणारी गावची टॅक्सी आहे. भाजीची गाडी बुधवारी दारावरून जाते. बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात कुमागाई नेणार आहे, हे त्या दोघांनी मला न विचारताच ठरवलंय. गैरसोय होईल. खोटं कशाला बोलू, घर खायला उठेल. सकाळी कोहारु पायमोजा सापडत नाही म्हणून ओरडणार नाही, तेव्हा मी काय करीन मला माहीत नाही. तू जाऊ नयेस असंच मला वाटतं, आजही, हे लिहितानाही. पण तू सुपरमार्केटच्या गल्ल्यावर उभी राहून, आमच्या औषधांच्या वेळा सांभाळत, पाठीला उशी लावून म्हातारी व्हावीस, हे मला त्याहून नकोसं वाटतं. मासाशी इथे आमच्याजवळ आहे. देवघरात त्याच्यापुढे रोज पहिला वाफाळता भात मीच ठेवते, ठेवत राहीन. त्याची काळजी तू करू नकोस.

तर हे पत्र एवढ्यासाठी. परत येण्याची तयारी करू नकोस. कोहारुचं नाव तिकडच्याच शाळेत घाल, एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू व्हायच्या आत. बाबांनी आणलेलं तिचं लाल दप्तर मी पाठवते आहे. दवाखान्याला हो म्हण. आणि ती सायीच्या रंगाची छोटी गाडी घे, साधी, सेंदाईच्या पाटीची. मोठीसाठी पैसे बाजूला ठेवले होते त्यातून घे, यावर वाद नको. बर्फ कमी झालं की एकदा या, सामान न्यायला आणि ही चंदेरी गाडी कुमागाईच्या दारात सोडायला. तेवढा एक रस्ता तूच चालव, मासाशीच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात नको. दार उघडशील तेव्हा उशी शोधू नकोस, ती मी धुऊन कपाटात ठेवली आहे. काल दुपारी मी गाडीत जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा चाकासमोर. पाय कुठेच पोचेनात. खाली हात घातला, दांडा सापडला, गंजला होता, दोन्ही हातांनी ओढला. सीट कुरकुरली आणि पुढे आली. मी डोळे मिटून बसले होते, काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही गं. तुझ्या उंचीचा अंदाज घेऊन लावली आहे, बसून बघ.

तुझीच,
आई