राहीच्या मागं मामाची जागा

कुंडल, मार्च १९७४

चि. नाथाजीस थोरल्या अक्काचा कुंडलहून आशीर्वाद.

आमी समदी बरी हाय. तिकडं भात मिळतो लिवलंस, पण आमटी मिळती का? थंडीचं कान बांधत जा.

आपल्या राहीचं लगीन आटपाडीच्या पोराशी ठरवलं. पोरगा फौजेत हाय. सुपारी फुटली.

माझी लेक तुलाच द्यायची, हे ती पाळण्यात हुती तवाच ठरलं हुतं. पण कालेजानं तुला जपानला तिकडली भाषा शिकायला एका वर्साला धाडलं, आन आता लिवतोस, भाषा आजून नीट येत न्हाई, आनी दोन वर्सं ऱ्हातो. किती शिकायचं रं? हितं पोरगी विशीची झाली. तुझं दाजी थांबू म्हणत हुतं. माझ्यानं थांबवलं न्हाई. आता मनाला लागून ऱ्हायलंय.

अंतरपाटाला नवरीच्या मागं मामा लागतो. तू हितं न्हाईस, म्हणून चुलत मामाला निरोप धाडू का, आसं राहीला इचारलं. म्हणाली, "नगं आई. माझ्या मागं दुसरं कुणी उभं ऱ्हायला नगं."

मग न्हाई धाडला निरोप.

लगीन आखितीला हाय. तू यायचा न्हाईस, ठावं हाय. पण पोरीला दोन वळी लिव. मराठीत लिव.

तुझी अक्का,
लीलाबाई