काडीपासून बोटभर

२ जाने., कोंढा
बॅगा भरून झाल्या. लेकीने, सुजाताने, जहाजाची सहल काढून दिली आहे. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. पा. सकाळपासून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. (पा. म्हणजे पाणकर. नवऱ्याचं नाव वहीतही लिहवत नाही, शिवाय शाई वाचते.) चाळीस वर्षं गावतलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, कधी सोडायचं ते हेच ठरवतात. शेजारची कौसल्या म्हणाली, "पाण्याच्या माणसाले पाणी दाखवाले नेऊन राहिली काय वो?"

सुजाताला काल फोनवर हो म्हणून बसले. कायमचं पुण्याला. तिचं बाळ मेमध्ये, माझा गुडघा, यांचा खोकला. चौतीस वर्षं गावच्या त्याच शाळेच्या चार खोल्या झाडल्या, पोरं शिकवली. आता मलाही लिफ्ट हवी आहे.
पा.ना सांगितलेलं नाही. जहाजावर सांगीन. तिथून रागावून जातील कुठे?

५ जाने., जहाज
दुसरा दिवस. नुसतं पाणी. दुपारी डोळा लागला तर स्वप्नात शाळाच तरंगत होती, पोरं कठड्याला धरून पाढे म्हणत होती. जागी झाले तरी बराच वेळ ऐकू येत राहिलं.
पा. कठड्याशीच. जेवायला बोलवायला गेले.
"पाळच नाही वो याले. मंग हे थांबून काहून राह्यते?"
मास्तरीण मी, म्हटलं, "जेवण गार होतंय."
सांगायचं होतं. नाही सांगितलं.

६ जाने., बेट
(रात्री जहाजावर लिहिते आहे. वही ओली, शाई फुटते.)
मोठं जहाज दूर थांबतं, छोट्या होडीने उतरवतात. पौर्णिमा, म्हणून सकाळी होडीतच बुद्धवंदना म्हटली, मनातल्या मनात. पाणी इतकं स्वच्छ की माझे भेगाळलेले पायसुद्धा बघत राहावेसे वाटले. नारळाखाली घरं, गल्ल्यांतून पांढरी वाळू. मुलं सायकलवर शाळेत निघालेली. नकळत मोजायला लागले. सव्वीस. एका दारात मासे वाळत होते, वास थेट आपल्या ढिवरमोहल्ल्याचा. तिथल्या बाईने गुळाचा चहा दिला. तिची भाषा मला नाही, माझी तिला नाही, तरी दोघी गुडघ्यांवर बोललो.

मग किनारा. लाटा लांब, एक पांढरी रेघ. अलीकडे पाणी निवांत, हिरवं. पा. खुलले.
"हा तं आपलाच तलाव!"
समोर पाण्यात वाळूचा उंचवटा, छोटं अंगण असावं तेवढा. जाऊ म्हणाले. झावळीची काडी काढून पाण्याच्या कडेला रोवली. गावाकडे हे रोजचं काम. काडी रोवायची, दुसऱ्या दिवशी पाणी तिच्यापासून किती सरलं ते बोटांनी मोजायचं. पावसाळा सोडला तर तलाव सरतो, चढत नाही. काडीजवळ चपला आणि माझी पिशवी ठेवून गुडघाभर पाण्यातून चालत गेलो.

तिथे आम्ही दोघंच. आभाळ खालीही आणि वरही. किती वेळ बसलो कोण जाणे. असं काहीही न करता यांच्याशेजारी मी कधी बसले होते? आठवेना. तेवढ्या सुखात मला ते सांगावंसं वाटलं. सांगून टाकलं.
"सुजाताला हो म्हटलं मी. पुण्याला जायचं. तुम्हाला न विचारता."
पा. तोंड फिरवून किनाऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले,
"काडी कुठं गेली?"

काडी नव्हती. चपला नव्हत्या. आमचं अंगण चटईएवढं उरलं होतं. चाळीस वर्षं पाणी ओळखणारा माणूस उभा राहिला आणि त्याचे ओठ पांढरे पडले. हे मी पहिल्यांदा पाहिलं.
हात धरला माझा. "मी ठेवतो तिथंच पाय ठेव." पायाने तळ चाचपत, एकेक पाऊल. पाणी छातीपर्यंत आलं. मला भीती वाटायला हवी होती, पण मला वाटत होतं, किनारा अजून थोडा लांब असता तर. लग्नाच्या अडतीस वर्षांत असा हात धरला नव्हता यांनी.

एका होडीवाल्याने वर ओढलं. माझी पिशवी त्यानेच वेचली होती.
"चाचा, आज पूनम है! पानी चढ़ता है, मालूम नहीं?"
पा. खाली मान घालून बसले. मला फार वाईट वाटलं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, हे कोण आहेत माहीत आहे का तुला?
एक चप्पल मिळाली. डावी, यांची.

७ जाने., जहाज
पा. दिवसभर कठड्याकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी चहा घेताना एकदम,
"पुण्यात पाणी कोठून येते?"
"नळातून."
"त्याच्या मांगं?"
"धरणातून."
"तिथं पाणी सोडणारा असन ना कोणी?"
"असेल."
"मंग माहं काय काम?"
चहा गार झाला. दोघांचाही.

१२ जाने., कोंढा
जहाजावरच्या कापडी सपाता घालून गावात आले. कौसल्याने दोनदा निरखून पाहिलं.
पा. आल्या आल्या तलावावर. येऊन म्हणाले, "काडी रोवली. पाणी हातभर सरलं का जाऊ पुण्याले. तवरिक विचारू नोको."
हातभर म्हणजे आठ-दहा दिवस. सुजाताला कळवलं. मोकळं वाटायला हवं होतं.

२१ जाने., कोंढा
रोज विचारते, पाणी किती सरलं? रोज उत्तर, "बोटभर."
आज यांचा डोळा लागल्यावर एकटीच पाळीवर गेले. गुडघा धरत खाली उतरले. काडी खरंच पाण्यापासून बोटभर. मग मागे वाळत्या चिखलात भोकं दिसली, काडी उपटून रोज पुढे रोवल्याची. एक, दोन, तीन करत आठ, एका रेषेत. पहिल्या भोकापासून पाणी हातभर कधीच सरून गेलं होतं.
बसले तिथेच. ऊन पाण्यावर, बगळे. कुठे निघायची घाई नव्हती मला.

रात्री जेवताना विचारलं, "किती सरलं?"
"बोटभर." वर बघितलं नाही यांनी.
"बरं," म्हटलं, आणि भात वाढला.

नंतर सुजाताचा फोन. "आई, काय झालं? सरलं का पाणी?"
पा. दारात उभे राहून ऐकत होते.
"नाही गं," म्हटलं. "मी स्वतः जाऊन बघितलं. बोटभरच आहे."